बाजारपेठ हवी, माणसं नकोत: हे जमतं का?

प्रश्न: ब्रेक्झिटच्या वेळी ब्रिटनला नॉर्वे किंवा स्वित्झर्लंडसारखी सोय करून घेता आली नसती का? व्यापार खुला आणि लोकांच्या येण्यावर ताबा आपला? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मुळात या दोन्ही देशांकडे तसा ताबा नाही. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण १९९४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रात, म्हणजे संघाच्या बाजारपेठेत सामील होण्याच्या व्यवस्थेत आहे. तिथे माल, सेवा, भांडवल आणि माणसं या चारही गोष्टींना वाट मोकळी ठेवावी लागते. पोलंडचा सुतार ऑस्लोत कामाला जाऊ शकतो. शिवाय बाजारपेठेचे नियम युरोपीय संघ ठरवतो, नॉर्वेला तिथे मत नाही आणि वर्गणी मात्र भरावी लागते.

स्वित्झर्लंडने ताबा घेऊन पाहिला. फेब्रुवारी २०१४च्या सार्वमतात ५०.३ टक्के मतदारांनी स्थलांतरावर कोटा लावा, असा कौल दिला. अडचण होती युरोपीय संघाशी केलेल्या १९९९च्या सात करारांची. त्यातला एक मोडला की सातही रद्द होतात, असं कलमच त्यांत आहे. माणसांच्या संचाराचा करार मोडला असता, तर विमानसेवा, रस्तेवाहतूक आणि मालाच्या तपासणी प्रमाणपत्रांची परस्पर मान्यता, सगळंच गेलं असतं. अखेर डिसेंबर २०१६मध्ये संसदेने कोटा टाळला. जास्त बेकारी असलेल्या व्यवसायांतल्या रिकाम्या जागा आधी रोजगार कार्यालयाला कळवायच्या, एवढ्यावर भागवलं.

माणसांची अट नसलेली वाटही आहे, पण ती अरुंद आहे. ब्रिटनने डिसेंबर २०२०मध्ये संघाशी व्यापार करार करून तीच घेतली. करारानुसार आयातशुल्क शून्य, पण फक्त 'मूळ' ब्रिटिश किंवा युरोपीय मालाला. भारतातून ब्रिटनमध्ये आलेला शर्ट तसाच आयर्लंडला पाठवला, तर ही सवलत मिळत नाही. शुल्कापेक्षा नियम जास्त आडवे येतात. वेल्सच्या किनाऱ्यावरचे जिवंत शिंपले पूर्वी युरोपात पाठवून तिथे शुद्ध केले जायचे. संघाबाहेरच्या देशातून, 'ब' वर्गाच्या (पूर्ण स्वच्छ नसलेल्या) पाण्यातले असे न शुद्ध केलेले शिंपले घेतच नाहीत. शुल्क शून्य असूनही माल अडला. लंडनच्या बँकांचा एकाच परवान्यावर सर्व सदस्यदेशांत व्यवसाय करण्याचा हक्कही गेला.

आमच्या मते ब्रिटनने संघात राहूनच मिळणारी साधनं आधी वापरायला हवी होती. २००४मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले, तेव्हा जर्मनी आणि ऑस्ट्रियाने त्यांच्या कामगारांवर सात वर्षं निर्बंध ठेवले. नियमात ती मुभा होती. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने दार लगेच उघडलं.

प्रश्न: मग युरोपीय मजूर अडवूनही ब्रिटनमधलं स्थलांतर वाढलं कसं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मुक्त संचार थांबला, माणसांची गरज थांबली नाही. १ जानेवारी २०२१पासून जर्मन आणि भारतीय अर्जदार व्हिसासाठी गुण मोजण्याच्या एकाच पद्धतीत आले. पगाराची सर्वसाधारण अट ३०,००० पौंडांवरून २५,६०० वर आणली, पदवीची अट काढली, फेब्रुवारी २०२२मध्ये वृद्धसेवेतल्या कामगारांनाही व्हिसा खुला केला. २०२३च्या मध्यापर्यंत वार्षिक निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) ९ लाखांपुढे होतं, आणि युरोपीय नागरिक मात्र येण्यापेक्षा जास्त जात होते. नंतर सरकारने पगाराची अट एप्रिल २०२४मध्ये ३८,७०० पौंड केली आणि जुलै २०२५मध्ये वृद्धसेवेसाठी परदेशातून नवी भरती बंद केली.

आपल्याकडे आजही वृद्धसेवेच्या नोकरीसाठी पैसे मागणारे दलाल भेटतात; ही भरती बंद असल्याने त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. इतर नोकरीसाठी मालकाचं नाव ब्रिटिश सरकारच्या परवानाधारक प्रायोजकांच्या (परदेशी कामगारांना व्हिसासाठी पाठिंबा देऊ शकणाऱ्या मालकांच्या) यादीत आहे का, ते स्वतः तपासा. प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राचे पैसे कामगाराने द्यायचे नसतात.