मोटरचं दार उघडतं, पण लागत नाही

घर-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या गावांहून आलं आहे. कुणाचं गॅरेजचं दार, कुणाचं अंगणाचं सरकतं गेट, कुणाचं दुकानाचं शटर. मोटर लावलेलं दार उघडतं, पण लागत नाही. उत्तरांआधी एक गोष्ट सर्वांसाठी. दार उघडताना खाली कुणी सापडण्याचा धोका कमी, म्हणून यंत्र फारसं काही तपासत नाही. लावताना मात्र ते सेन्सरला विचारतं, किती जोर लागतोय ते पाहतं आणि कुठवर जायचं त्याची खूण शोधतं. यातल्या एकानं जरी नाही म्हटलं, तरी दार थांबतं किंवा माघारी जातं. ज्या मोटरनं दार नीट उघडलं ती बहुतेक वेळा धडधाकट असते. मोटर किंवा बोर्ड (मोटरला हुकूम देणारं सर्किट) बदलण्याचा खर्च अगदी शेवटी.

प्रश्न : गॅरेजचं वर सरकणारं दार आहे. बटण दाबलं की वीतभर खाली येतं आणि परत वर जातं. मोटरवरचा दिवा लुकलुकतो. मिस्त्री बोर्ड बदलायला सांगतोय. बदलावा का? (लातूर)

इतक्यात बदलू नका. ही लक्षणं सेन्सरची आहेत. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर एकेक छोटी डबी असते. एक डबी डोळ्यांना न दिसणारा किरण सोडते, दुसरी तो पकडते. किरण तुटला की दार खाली येत नाही.

आधी खात्री करून घ्या. दाराखाली कुणी नाही हे पाहून भिंतीवरचं बटण दाबून धरा आणि दार पूर्ण टेकेपर्यंत सोडू नका. बऱ्याच यंत्रांत असं केल्यावर सेन्सरला न जुमानता दार लागतं. तसं लागलं, तर दोष सेन्सरच्या साखळीतच आहे आणि बोर्डाचे पैसे वाचले.

आता दोन्ही डब्यांवरचे बारीक दिवे पाहा. ते स्थिर जळायला हवेत. एखादा विझलेला किंवा फडफडत असेल तर काचेवरची धूळ आणि कोळ्याचं जाळं कोरड्या सुती फडक्यानं पुसा. मध्ये झाडू, पोतं, सायकलचं पायडल येत नाही ना, तेही बघा. मग दोन्ही काचांच्या मधोमध गवंडी बांधतात तसा दोरा ताणून बांधा. एक डबी वर, एक खाली असेल किंवा एखादीनं तोंड फिरवलं असेल, तर दोऱ्यावर लगेच कळतं. डबी धरणाऱ्या पट्टीचा नट सैल करून डबी हळूहळू फिरवा, दिवा स्थिर झाला की नट आवळा आणि दोरा सोडा. गाडीचं चाक किंवा पाण्याची बादली लागून ही पट्टी वाकणं, हे सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे.

एवढ्यानंही दिवा लागला नाही, तर वायर तपासायची. उंदरांनी कुरतडलेली किंवा खिळ्याखाली चेपलेली वायर बाहेरून दिसतेच असं नाही. मेन बंद करून दोन्ही सेन्सर काढा, मोटरजवळ न्या, मीटरभर नव्या वायरनं त्याच टर्मिनलला जोडा आणि समोरासमोर धरा. मेन चालू केल्यावर दोन्ही दिवे स्थिर लागले तर भिंतीतली वायर खराब. एकच लागला तर न लागणारा सेन्सर बदला. दोन्ही मेले असतील तरच बोर्डाकडे वळा.

दार वीतभर नव्हे, थेट जमिनीला टेकून परत जात असेल तर गोष्ट वेगळी. 'खाली' ची लिमिट, म्हणजे दारानं कुठवर खाली जायचं ती खूण, गरजेपेक्षा पुढे गेलेली असते. यंत्राला वाटतं अजून जायचं आहे, पण वाटेत काहीतरी आडवं आलं. मोटरवरचा त्या लिमिटचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा आणि प्रत्येक वेळी दार पूर्ण वर-खाली करून पाहा. मोटरचा जोर ठरवणारा स्क्रू वाढवून काम भागवू नका. शेवटी दाराच्या मधोमध जमिनीवर ४ सेंटिमीटर जाडीची फळी आडवी ठेवून दार लावा. फळीला टेकताच ते माघारी गेलं पाहिजे. गेलं नाही तर दार वापरू नका.

आणि दार दर वेळी वाटेत एकाच जागी अडत असेल, तर अडकलेला रोलर किंवा रोलर ज्यातून धावतात ती वाकलेली पट्टी शोधा. दार लागलेल्या स्थितीत मोटरची लाल दोरी ओढा, म्हणजे दार मोटरपासून सुटतं, आणि दार हातानं कमरेपर्यंत उचला. तिथं ते स्वतःच्या बळावर थांबायला हवं. खाली घसरत असेल तर वरची स्प्रिंग थकली आहे. त्या स्प्रिंगला मात्र घरच्या कुणीही हात लावू नये. तिच्यातला ताण हाड मोडण्याइतका असतो. दार वर अडकलेलं असताना ही दोरी ओढू नका; स्प्रिंग तुटलेली असेल तर सगळं वजन एकदम खाली येतं.

प्रश्न : दिवसभर दार व्यवस्थित लागतं. संध्याकाळी पाच ते सहाच्या सुमारास मात्र अडतं. (नांदेड)

तुमचं दार पश्चिमेला असणार. त्या वेळी तिरपं ऊन किरण पकडणाऱ्या डबीच्या काचेत शिरतं आणि तिला समोरचा किरण ओळखू येत नाही. दोन्ही डब्यांची अदलाबदल करा, म्हणजे पकडणारीची पाठ सूर्याकडे येईल. ते जमत नसेल तर काचेपुढे पीव्हीसी पाइपचा बोटभर लांब तुकडा नळीसारखा बसवा, आतून काळा रंग द्या.

प्रश्न : अंगणाचं सरकतं गेट मे महिन्यापर्यंत ठीक होतं. चांगला पाऊस झाल्यापासून उघडतं, पण बंद होत नाही. कधी अर्ध्यातून माघारी येतं. (परभणी)

दोष बहुधा काळ्या जमिनीत आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. गेटचे दोन खांब आणि मोटरचा चौथरा यांचे पाये उथळ असतील, तर तिघं तीन दिशांना हलतात. खांबावरचा सेन्सर १ अंशानं कलला, तर ४ मीटर रुंद गेटच्या पलीकडे किरण सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. तेव्हा दोन्ही खांबांना ओळंबा लावा आणि सेन्सर नव्यानं समोरासमोर करा.

सेन्सरची डबी उघडून पाहा. आत पाणी, मुंग्या किंवा पाल शिरलेली असते. पुसून, वाळवून वायरचं भोक सिलिकॉननं बुजवा. वायर नेहमी खालून आत न्या आणि आधी तिचा झोल खाली सोडा, म्हणजे पाणी वायरवरून डबीत न जाता तिथंच ठिबकतं.

सेन्सरचा दोष पक्का करायचा असेल तर बोर्डावर ज्या दोन टर्मिनलना सेन्सरचा संपर्क जोडलेला आहे, ती मेन बंद करून वायरच्या तुकड्यानं जोडा. वायरिंगच्या कागदात तो संपर्क 'एनसी', म्हणजे एरवी जोडलेला, असा दाखवलेला असेल तरच हे करायचं. मग मेन चालू करून, गेटच्या वाटेत कुणी नाही हे पाहत, एकदा गेट बंद करा. झालं, तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. तुकडा लगेच काढा.

अर्ध्यातून माघारी येण्याचं कारण वेगळं आहे. किल्लीनं गेट मोटरपासून सोडवा आणि ते एका हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकला. जिथं जड जातं तिथं खालच्या रुळात चिखल किंवा खडी असेल, ती काढा. मग मोटरची गरारी आणि गेटची दातेरी पट्टी यांच्यात १ ते २ मिलिमीटर फट आहे का ते संपूर्ण लांबीवर बघा. माती फुगून चौथरा वर आला की ही फट मिटते, गेटचं वजन गरारीवर बसतं आणि बोर्डाला वाटतं की कुणी आडवं आलं. चौथऱ्याच्या बोल्टवरचे नट फिरवून मोटर खाली घ्या, किंवा पट्टी तिच्या लांबट भोकांतून वर सरकवा. रुळाला ग्रीस लावू नका. धूळ चिकटून त्याचा दगडासारखा थर होतो.

प्रश्न : वायरमननं बोर्डावर सेन्सरच्या जागी वायरचा तुकडा कायमचा जोडून दिला. आता गेट छान चालतं. तसंच ठेवलं तर? (बीड)

नको. आजच काढून घ्या. कित्येक किलोंचं लोखंड आता समोर काय आहे हे न पाहता चालतं आहे. मुलं, म्हातारी माणसं, अंगणातली शेळी, कुणीही त्यात सापडू शकतं. नवी सेन्सरजोडी येईपर्यंत मोटर सोडवून गेट हातानं लावा.

प्रश्न : मोंढ्यात दुकान आहे. शटर मोटरवर वर जातं, खाली येत नाही. कॅपॅसिटर बदलून झाला. (जालना)

कॅपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा सुटा भाग) उगाच बदलला. सिंगल फेज शटर मोटरीत वर-खाली दोन्हीकडे तोच कॅपॅसिटर काम करतो. तो गेला असता तर शटर वरही गेलं नसतं. मोटर दोन्हीकडे नुसती घुमली असती. दोन्हीकडे घुमण्याचं आणखी एक कारण म्हणजे पडलेलं व्होल्टेज. मोटर चालू असताना मोजा; २०७ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

तुमच्याकडे 'खाली' ची लिमिट पाहायला हवी. मेन बंद करून मोटरच्या बाजूचं लिमिटचं झाकण काढा. आटे असलेल्या दांड्यावर दोन चकत्या सरकतात आणि टोकाला जाऊन एकेक छोटा स्विच दाबतात. खालचा स्विच धुळीनं दबून राहिला असेल, किंवा चकती सरकली असेल, तर यंत्राला वाटतं शटर खाली पोचलंच आहे. स्विच बोटानं दाबून सोडा, 'टक' असा आवाज आला पाहिजे. मल्टिमीटरनं दाबून आणि न दाबता, दोन्ही वेळा संपर्क बदलतो का ते पाहा. तो ठीक असेल तर 'खाली' चं बटण आणि रिले (बोर्डावरचा विजेनं चालणारा स्विच) तपासा. कॅपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करा. मेन बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो.

एक गोष्ट विसरू नका. शटर गाइडमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खाचेत, अडकलेलं असताना मोटर 'खाली' फिरत राहिली, तर वरची गुंडाळी सैल होत जाते आणि अडथळा सुटताच शटर धाडकन कोसळतं. पट्ट्या हलत नाहीत आणि आवाज येतोय असं दिसलं की बटण सोडा, खाली उभं राहू नका. मोटर थोडं 'वर' चालवून गुंडाळी घट्ट करा, मग गाइडमधली सरकलेली पट्टी ठोकून जागेवर आणा. लागोपाठ चार-पाच वेळा वर-खाली करून मोटर अजिबातच थांबली, तर ती तापून बंद झाली आहे. अर्धा तास तशीच राहू द्या.

प्रश्न : भिंतीवरच्या बटणानं दार लागतं, रिमोटनं नाही. (धाराशिव)

बटणाच्या पट्टीवर कुलपाचं चिन्ह असेल तर ते चालू झालंय का पाहा. त्यानं सगळे रिमोट बंद होतात. मग सेल. लहान रिमोटमध्ये बऱ्याचदा १२ व्होल्टचा '२३ ए' असतो. रिमोट अगदी जवळ आल्यावरच चालत असेल, तर मोटरमध्ये किंवा तिच्याजवळ लावलेला स्वस्त एलईडी बल्ब काढून बघा. तो रिमोटच्या लहरींत अडथळा आणतो.