साठाचे बहात्तर

ताई,

चार पानी पत्र मिळालं. समाईक बागेतला हापूस भावाने परस्पर वाशीला धाडला, पैसे एकट्याने ठेवले आणि तुम्हाला ‘यंदा मोहोर करपला’ म्हणून सांगितलं. तुमचा वाटा ६०,००० रुपये. उपवासकाळात तो आपणहून येऊन कबूल झाला. आता फादर म्हणतात, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर. यजमान म्हणतात, डोळ्याबद्दल डोळा. बायबल नेमकं कुणाच्या बाजूने, हा तुमचा प्रश्न.

मी अडकले तिसऱ्या पानाच्या तळाशी. ‘भावजय ७२,००० चं पाकीट घेऊन आली होती. साठाचे बहात्तर देऊन माज दाखवतात. उंबऱ्यावरूनच परत पाठवली.’

बहात्तरच का हो? सत्तर का नाहीत, पंचाहत्तर का नाहीत?

बायबलमधलं लेवीय हे पुस्तक उघडा, सहावा अध्याय, सुरुवातीची वचनं काढा. शेजाऱ्याला फसवलं, वर खोटं बोलला, तर मुद्दल पुरतं परत आणि वर पाचवा हिस्सा. साठाचा पाचवा हिस्सा बारा! पैसे ज्याचे त्याच्या हातात, देवापुढचं दोषार्पण, म्हणजे पापाबद्दलचं अर्पण, त्यानंतर. गणना या पुस्तकात ५:७ मध्येही तेच, आधी कबुली, मग भरपाई. पकडल्या गेलेल्या चोराचा भाव निराळा. निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायाप्रमाणे चोरलेलं मेंढरू जिवंत सापडलं तर दुप्पट, कापलं किंवा विकलं असेल तर चौपट. (येशूला भेटल्यावर जक्कयाने आपणहून चौपट देऊ केलं खरं, पण तो जकातदारांचा मुख्य, पैसेवाला.) तुमच्या भावाने माल विकलाच होता, पण कुणी धरायच्या आत तो कबूल झाला. त्याने पुस्तक उघडून हिशेब केलाय, आणि तुम्हाला त्यात माज दिसला.

यजमानांना सांगा, डोळ्याबद्दल डोळा हे अंगाला झालेल्या इजेचं कलम आहे, आंब्याच्या पैशांचं नव्हे. फादरांनी मत्तय १८ मधलं बाविसावं वचन सांगितलं. त्याच्या वरचं पंधरावं म्हणतं, आधी एकांतात जाऊन त्याचा अपराध त्याला दाखव. आणि लूक १७:३ मध्ये दटावणं आधी, पश्चात्ताप मधे, क्षमा शेवटी. तुमच्या घरी पहिलीची गरजच पडली नाही, दुसरी त्याने आपणहून गाठली. तिसरीवर तुम्ही दार लावून बसलात.

येत्या रविवारी मिस्साच्या आधी भावाकडे जा. पाकीट मागून घ्या, त्याच्यासमोर मोजा, ‘पोचले’ म्हणून लिहून द्या. वरचे बारा हजार मोठेपणाने परत करू नका. ती त्याची शिक्षा आहे, त्याने ती स्वतः मोजून आणली होती. पुन्हा विश्वास टाकायची घाई मात्र नको. पुढच्या हंगामात दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, दोघांच्या नावाने निघू दे, हे तिथेच बोलून घ्या.

आणि त्या दिवशी भावजय उन्हातून आली होती. तिला गूळपाणी तरी विचारलंत का?