कोळसा खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी: जाऊन खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की गावाला लागून असलेल्या ओपनकास्ट (उघड्या खड्ड्याच्या) खाणीचा विस्तार येतोय, पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे आणि गावात बहुतेकजण म्हणतात, 'सगळं आधीच ठरलंय, जाऊन काय करायचं?' मी चंद्रपूर-वणी पट्ट्यातला. कोळशाच्या धुळीवर गावागावांत काम करत आलोय, अशा सुनावण्यांना बसलोय. माझं म्हणणं, जा. पण विस्ताराची सुनावणी नव्या खाणीच्या सुनावणीसारखी लढायची नसते.

नव्या खाणीच्या वेळी सगळं पुढचं असतं. कंपनी म्हणते धूळ होणार नाही, आपण म्हणतो होणार. विस्ताराच्या वेळी खाण डोळ्यांसमोर चालू असते आणि जुन्या पर्यावरण मंजुरीच्या अटी कागदावर असतात: टिप्परवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी मारणं, कडेने झाडांचा पट्टा, आसपासच्या विहिरींच्या पातळीची नोंद. या अटी पाळल्या का, याचा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयाने, म्हणजे आपल्याकडे नागपूरच्या, प्रमाणित केलेला अहवाल विस्तारासाठी मागितला जातो. तुमची पकड इथे आहे. जुन्या मंजुरीचं पत्र आणि कंपनी दर सहा महिन्यांनी देते ते अनुपालन अहवाल आजच मिळवायला लागा. संकेतस्थळावर नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मग चार माणसं बसून एकेक अट मोठ्याने वाचा. अहवालात 'नियमित पाणी मारले जाते' असं असेल आणि तुमच्या फाट्यावर दुपारी समोरचा टिप्पर दिसत नसेल, तर तारीख, वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो रोज काढा.

धुळीच्या आकड्यांत एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. देशाच्या २००९ च्या हवा मानकांप्रमाणे पीएम १० ची, म्हणजे श्वासावाटे आत जाणाऱ्या बारीक धूलिकणांची, २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. कोळसा खाणींसाठी मात्र २००० साली वेगळी आणि बरीच ढिली मानकं केली गेली, आणि ती धूळ उठते तिथून ५०० मीटरवर मोजायची असतात. कंपनी 'मर्यादेत आहे' म्हणाली की विचारा, कुठली मर्यादा? मोजणी कुठे केली? अंगणवाडीत, शाळेत खाणीचं मानक का लावायचं? दुसरं विचारा, की विस्तारासाठी केलेल्या पर्यावरण अभ्यासात फक्त याच खाणीची धूळ धरली की शेजारची वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), कोळसा भरण्याची रेल्वे सायडिंग, वीज केंद्राची राख हे सगळं मिळून धरलं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषण निर्देशांकात (गुण जास्त तितकं प्रदूषण जास्त) चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं होतं आणि २०१० मध्ये अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या काही काळ थांबवल्या होत्या. एकेक खाण सुटी बघितली की हे चित्र दिसतच नाही.

पिकाचा पुरावा आपल्याकडे सगळ्यात कमी जपला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. रस्त्याकडेच्या शेतात वेचणी करणाऱ्या बायांची बोटं संध्याकाळी काळी झालेली असतात. फुटलेल्या बोंडात भुकटी बसते, ती झटकून निघत नाही. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, उजेडात धरतो आणि भाव पाडतो. त्या दिवशीची हिशेबपट्टी आणि रस्त्यापासून दूरच्या शेतकऱ्याची त्याच दिवशीची हिशेबपट्टी, दोन्ही जोडा. धुळीने किती नुकसान होतं, हे सांगायला याहून साधा कागद नाही.

आता अवघड गोष्ट. गाव दोन गटांत फुटेल. ज्यांची जमीन जाणार त्यांना नोकरी आणि मोबदला दिसतो, आणि त्यात चूक काय? कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही हे त्यांनी भोगलंय. ज्यांची जमीन जात नाही त्यांच्या वाट्याला फक्त धूळ, ब्लास्टिंगने भेगाळलेल्या भिंती आणि आटलेली विहीर. सुनावणीत हे दोन गट एकमेकांवर ओरडले की सगळ्यांचीच बाजू पडते. मी पाहिलंय, 'खाण नको' यावर गाव एक होत नाही. 'आधी जुन्या अटी पाळा, जुन्या प्रकल्पग्रस्तांचं देणं द्या, मगच विस्ताराचं बोला' यावर होतं. खाण कामगारालाही घरी त्याच धुळीत झोपायचं असतं. कामगार संघटनेशी आधी बोला.

सुनावणीच्या दिवसाबद्दल थोडक्यात. पर्यावरण मंजुरीबद्दलच्या केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी सूचना आणि पर्यावरण अहवालाचा मराठीत सारांश मिळायलाच हवा. नसेल तर तो पहिला लेखी आक्षेप. प्रत्येकाने एकच मुद्दा बोलावा आणि तोच लिहून द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. बायांना पुढे बसवा. धुणं, पाणी, पोरांचा खोकला याबद्दल त्यांच्याइतकं नेमकं कोणी बोलत नाही. आणि शेवटपर्यंत थांबा. उठलेले मुद्दे शेवटी मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तुमचा मुद्दा त्यात आला नाही तर तिथेच उभं राहून घालायला लावा, कारण मंजुरीची शिफारस करणारी दिल्लीतली तज्ज्ञ समिती तुमचं भाषण नाही, ते इतिवृत्त वाचते. सभात्याग करून घोषणा देत निघून गेलेलं गाव त्या कागदावर जवळजवळ नसतंच.

यातून खाण थांबेलच असं मी सांगणार नाही. लोकांच्या विरोधानंतर ताडोब्याजवळचा लोहारा कोळसा खाण प्रकल्प अडला, हे खरं. पण काही खाणींना ठरावीक मर्यादेपर्यंतचा विस्तार नव्या सुनावणीशिवाय करायची सूटही मिळाली आहे. तुमच्याकडे सुनावणी होतेय, तर ती वाया घालवू नका. मंजुरी निघालीच तर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या (पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) पुणे खंडपीठाकडे अपील करता येतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. वकील आत्तापासूनच शोधून ठेवा. पोच घेतलेल्या प्रती, फोटो, हिशेबपट्ट्या हे सगळं त्याला पहिल्याच भेटीत लागेल.