हायपॉक्सियाला ‘अल्पप्राणता’ म्हणावं का?

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राची टिपणं मराठीत आणणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: हायपॉक्सियाला, म्हणजे शरीराला किंवा पेशीला ऑक्सिजन कमी पडण्याला, ‘अल्पप्राणता’ चालेल का? आणि ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशीला ‘जाणवतं’ असं लिहावं की ‘समजतं’?

अल्पप्राणता दिसायला देखणा शब्द आहे, पण ती जागा आधीच भरलेली आहे. व्याकरणात क, ग, च, ज ही अल्पप्राण व्यंजनं आणि ख, घ, छ, झ ही महाप्राण. तिथला ‘प्राण’ म्हणजे उच्चारासोबत सुटणारा श्वासाचा झोत. तळहात ओठांपुढे धरून आधी ‘टोक’ आणि मग ‘ठोक’ म्हणा, हाताला फरक कळेल. मुलांनी मराठीच्या तासाला एक अल्पप्राण शिकायचा आणि जीवशास्त्राच्या तासाला दुसराच, ही शिक्षा कशाला?

खरा घोळ ‘प्राणवायू’पासूनच आहे. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाचांतला हा एक. मराठीने तो उचलून ऑक्सिजनला दिला. बंगालीतला ‘अम्लजान’ आणि कन्नडमधला ‘आम्लजनक’ मात्र मूळ नावाला धरून आहेत, कारण ऑक्सिजन म्हणजे शब्दशः आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा समज होता. तो खोटा ठरला (हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नावालाही नाही), पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गंमत अशी की ‘हायपॉक्सिया’ची फोड केली तर अर्थ निघतो ‘आंबटपणा कमी’. प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशीत लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि आंबटपणा उलट वाढतो.

मग गुदमरणं, घुसमट, धाप हे आपले रोजचे शब्द का नकोत? कारण ते माणसाला काय वाटतं ते सांगतात. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते, ती मुख्यतः साचत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. नुसता ऑक्सिजन उतरत गेला तर तगमग होईलच असं नाही. कोविडच्या लाटेत हे अनेक घरांनी पाहिलं: बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ८०च्या घरात आणि माणूस फोनवर शांतपणे बोलतोय. तो गुदमरत नव्हता, तरी त्याला हायपॉक्सिया होता.

‘तुटवडा’ आणि ‘टंचाई’ त्याच काळात सिलिंडरच्या बातम्यांनी घेऊन टाकले. शिवाय त्यांत साठा संपल्याची, रांगा लागल्याची छटा आहे. मला पेशीसाठी ‘चणचण’ आवडतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात पैशाची चणचण असते तेव्हा चूल पेटतेच, फक्त हात आखडता घेतला जातो. पेशीही तेच करते. ऑक्सिजन लागणारी कामं आवरती घेते आणि ग्लुकोज अर्धवट तोडून भागवते. एरवी ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे) तीसेक रेणू मिळतात, या मार्गाने निव्वळ दोन. परिभाषाच हवी असेल तर ‘ऑक्सिजनन्यूनता’ घ्या. ‘अभाव’ नको, तो अॅनॉक्सियासाठी, म्हणजे ऑक्सिजन अजिबात नसण्यासाठी, राखून ठेवावा. आणि लेहबद्दल लिहिताना ‘तिथल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं’ असं लिहू नका. प्रमाण तिथेही सुमारे २१ टक्केच असतं, हवा विरळ असते. ‘विरळ’ इतका नेमका शब्द घरात असताना तो वापरावा.

आता क्रियापदाकडे. इथे भाषेआधी आत काय घडतं ते पाहावं लागतं. ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पेशी कमी-जास्त ऑक्सिजनशी कशी जुळवून घेते याच शोधासाठी मिळालं. पेशी हिफ-१ अल्फा नावाचं प्रथिन सतत बनवत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत ते मोडूनही टाकते. एक विकर (एन्झाइम) त्या प्रथिनातल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गटाची खूण करतं, आणि त्या खुणेतला ऑक्सिजनचा अणू थेट ऑक्सिजन वायूतूनच येतो. व्हीएचएल हे दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि हिफला मोडीत काढायला धाडतं. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ वाचतं, केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू करतं. मग मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढतं, त्याने तांबड्या पेशी वाढतात, इतरत्र नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

म्हणजे यात कुणाला काही जाणवत नाही की समजत नाही. एक रोजची मोडतोड राहून जाते, एवढंच. काही जणांत व्हीएचएलचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यातून ज्या पेशीत ते काम पूर्ण बंद पडतं, तिथे ऑक्सिजन मुबलक असूनही हिफ उरतं, आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठी होतात. ‘जाणवतं’ म्हटलं तर या पेशींना खोटंच जाणवतंय असं म्हणावं लागेल. हिफच्या लांबलचक इंग्रजी नावातही (हायपॉक्सिया-इंड्युसिबल फॅक्टर) ‘हायपॉक्सियाने निर्माण होणारा’ असा सूर आहे, तोही तितकाच फसवा. ते निर्माण सदाच होत असतं, चणचणीत फक्त टिकतं.

शीर्षकात ‘पेशींना कसं कळतं?’ लिहायला माझी हरकत नाही. दूध उतू गेल्याचं शेगडीला कळलं, असं आपण थट्टेत म्हणतोच. पण टिपणातलं वाक्य मी असं करीन: ‘ऑक्सिजनची चणचण झाली की हिफ मोडलं जात नाही, ते साठतं आणि चणचणीत लागणारी जनुकं चालू करतं.’