उपासनेची गीतं निवडताना मी आधी काय पाहते

तुम्ही लिहिलं आहे की चर्चच्या मंडळीनं रविवारच्या उपासनेची गीतं निवडण्याचं काम तुमच्याकडे दिलं आहे. तुम्ही सुरेल गाणी काढता, गाणारा गट मन लावून तालीम करतो, पण समोरची मंडळी ओठ मिटून उभी राहते. चूक निवडीत आहे की गाण्यात? आणि ज्येष्ठ एक मागतात, तरुण दुसरं, तेव्हा कुणाचं ऐकायचं?

मी हे काम बरीच वर्षं करते आहे. सुरुवातीला चाल मनात बसली की गाणं यादीत जायचं. आता चाल मी सगळ्यात शेवटी बघते. आधी गीत हातानं कागदावर उतरवून काढते आणि सूर न लावता मोठ्यानं वाचते. सूर काढून घेतल्यावर जी ओळ म्हणताना मलाच संकोच वाटतो, ती मी सगळ्या मंडळीच्या तोंडी कशी देऊ? उपासनेतलं गीत ही प्रार्थनाच असते. ती कुणीतरी आधी लिहून ठेवलेली असते आणि आज कोणती म्हणायची हे तुम्ही ठरवलेलं असतं. पाळक प्रार्थना करतात तेव्हा ऐकणाऱ्याला एखादं वाक्य पटलं नाही तर तो 'आमेन' गिळू शकतो. गीतात ते वाक्य त्याला स्वतःच्या आवाजात म्हणावं लागतं. एवढं जड काम आपल्याकडे दिलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

वाचताना मी पेन्सिलीनं क्रियापदांखाली रेघ मारते आणि प्रत्येकाचा कर्ता शोधते. 'तू शोधलंस, तू उचललंस, तू क्षमा केलीस' या एका बाजूच्या ओळी. 'मी गाईन, मी येईन, मी सोडणार नाही' या दुसऱ्या बाजूच्या. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दोन्ही आहेत, आपल्यालाही दोन्ही हवीत. पण एखाद्या रविवारच्या चारही गीतांत कर्ता 'मी'च निघाला, तर त्या दिवशी मंडळीनं देवाला फक्त स्वतःबद्दल सांगितलं आणि त्यानं काय केलं ते बोलायचं राहूनच गेलं, असं होतं. हा हिशोब करायला दहा मिनिटं लागतात. करून पाहा, आपली आवडती गाणी एकाच बाजूला किती झुकलेली आहेत ते दिसेल.

'मी' वाल्या ओळींत मला सगळ्यात जास्त थांबायला लावतात त्या शपथा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गातात आणि जैतुनांच्या डोंगराकडे निघतात. गीत संपून फार वेळ झालेला नसतो आणि पेत्र म्हणतो, सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. कोंबडा आरवण्याआधी त्यानं येशूला तीनदा नाकारलं, हे आपण जाणतोच. नुकताच गाऊन उठलेला माणूस किती सहज शब्द देऊन बसतो! म्हणून 'मी कधीच ढळणार नाही' अशी ओळ दिसली की 'तू मला धरून ठेव' हे त्या गीतात कुठे आहे का ते मी शोधते. असेल तर गीत घेते. नसेल तर त्याच्या मागोमाग आधार मागणारं गीत किंवा प्रार्थना ठेवते, म्हणजे दिलेला शब्द उघड्यावर पडत नाही.

आपल्या भाषेनं यात एक सोय करून ठेवली आहे: 'आपण' आणि 'आम्ही'. कलस्सैकरांस पत्राच्या ३:१६ मध्ये स्तोत्रं आणि गीतांनी एकमेकांना शिकवा, बोध करा, असं सांगितलं आहे आणि तिथेच अंतःकरणात देवाला गा, असंही. म्हणजे गीताला दोन तोंडं आहेत. 'चला, आपण गाऊ' हे शेजाऱ्याला उद्देशून असतं, 'आम्हांवर दया कर' हे देवाला. कितीतरी भाषांत दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत सर्वनामावरूनच कळतं की आता तोंड कुणाकडे आहे. मी उपासनेच्या आरंभी 'आपण' वालं गीत ठेवते, कारण लोक नुकतेच दारातून आलेले असतात आणि त्यांना एकमेकांची ओळख पटायची असते. पापांगीकाराजवळ, म्हणजे पापांच्या कबुलीच्या वेळी, 'आम्ही' येतं. 'मी' शक्यतो उपदेशानंतर, ऐकलेलं वचन ज्याच्या त्याच्यापाशी पोचल्यावर. हा काही नियम नव्हे. स्तोत्र ९५ 'या, आपण गाऊ' असं सुरू होतं आणि मध्येच देवाची वाणी बोलू लागते. पण वळण कुठे आहे ते निवडणाऱ्याला ठाऊक असलं की पुढे उभा राहून गाणारा तिथे घाई करत नाही.

आता ओठ का मिटलेले राहतात त्याकडे येते. माझ्या अनुभवात याची कारणं भक्तीच्या उणिवेत क्वचितच असतात. बहुतेक वेळा ती पट्टीत, शब्दांत किंवा आवाजाच्या पातळीत सापडतात.

पट्टी आधी. ध्वनिमुद्रित गाणं कसलेल्या गळ्यासाठी बांधलेलं असतं, आणि गट ते ऐकून जसंच्या तसं उचलतो. साधा, न शिकलेला गळा पेटीवरच्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत बऱ्यापैकी चालतो. क्षणभर काळी दोन लागली तर निभावतं, पण तिथे थांबून राहायला सांगितलं की लोक गप्प होतात, आणि एकदा गप्प झालेला माणूस त्या गीतात परत येत नाही. म्हणून मी गीतातला सगळ्यात वरचा सूर शोधते, तो मंडळीच्या आवाक्यात आणते आणि मग पट्टी ठरवते. गाणाऱ्या मुलीचा आवाज खालच्या पट्टीत तेवढा खुलत नाही, ही तक्रार येईल. येऊ द्या. ती मंडळीला गाता यावं म्हणून पुढे उभी आहे, हे तिला प्रेमानं सांगावं लागतं, आणि समजलं की अशीच मुलं सगळ्यात चांगली नेतृत्व करतात.

शब्दांचं म्हणाल तर भाषांतरित गीतांत मूळ चाल राखण्याच्या नादात मराठीची ओढाताण होते. ओळ संपते तिथे शब्दही तुटतो, विभक्तीचा प्रत्यय पुढच्या ओळीत जाऊन पडतो, ऱ्हस्व अक्षर चार मात्रा ताणलं जातं. डोळे वाचतात पण जीभ अडते. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. ख्रिस्ताविषयी त्यांनी जे गायलं ते अभंगाच्या आणि पदांच्या वळणानं, आणि अशा गीतांत श्वास कुठे घ्यायचा हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. भाषांतरित गीतं टाकून द्या असं मी म्हणत नाही. त्यांतल्या काहींवर माझा स्वतःचा विश्वास उभा राहिला आहे. फक्त गट तालमीला बसण्याआधी ती मोठ्यानं वाचा, जिथे जीभ अडते तिथे खूण करा. शब्द चांगले आणि चाल अवघड असेल तर त्याच वृत्तातली ओळखीची चाल लावता येते. चाल आणि शब्द जन्मभराचे बांधलेले नसतात: जॉन न्यूटन यांचं १७७९ साली छापलेलं 'अमेझिंग ग्रेस' हे इंग्रजी गीत आज जगभर ज्या चालीवर गातात, ती चाल त्याला १८३५ मध्ये जोडली गेली.

आवाजाच्या पातळीसाठी एकच कसोटी सांगते. एका कडव्यापुरती सगळी वाद्यं आणि ध्वनिक्षेपक बंद करा. माणसाला शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला तर त्याला स्वतःचा आवाज काढायला धीर येतो. आपलाच आवाज ऐकू येत नसेल तर तो ऐकणारा होऊन जातो. इ.स. ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी धाकटा प्लिनी यानं सम्राट त्राजानला कळवलं होतं की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गीत म्हणतात. आळीपाळीनं म्हणण्याची ही जुनी रीत मी स्तोत्रांसाठी वापरते: अर्धी मंडळी एक ओळ गाते, उरलेली अर्धी पुढची. जो गात नसतो तो ऐकत असतो, आणि त्याची पाळी आली की शब्द त्याच्या हाती आयता आलेला असतो. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाण्याविषयी सूचना छापल्या. त्यांत सर्वांनी गा, ओरडू नका, पुढे धावू नका आणि मागे रेंगाळू नका, आणि प्रत्येक शब्दात देवाकडे लक्ष ठेवा, असं सांगितलं आहे. आमच्या गटानं हे कागदावर लिहून तालमीच्या खोलीत लावलं आहे.

नवी गीतं फार घेऊ नका. महिन्याला एक पुरे. तेही सलग तीन रविवार गाऊन घ्या, मग दोन-तीन आठवडे विसावा द्या आणि परत आणा. परत आल्यावर ते मंडळीचं झालेलं असतं. धर्मसुधारक मार्टिन लूथर यांच्या काळात १५२४ साली जर्मनीत निघालेल्या पहिल्या गीतपुस्तिकेत आठच गीतं होती.

गीत कुठे ठेवलं यानंही त्याचा अर्थ बदलतो. एकदा मी सर्वस्व वाहून देण्याचं एक गंभीर गीत दानाच्या वेळी ठेवलं. थैली रांगेतून फिरत होती आणि आम्ही 'माझं सारं घे' म्हणत होतो. उपासनेनंतर एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या महिन्यात माझ्याकडे टाकायला काहीच नव्हतं, मला ते म्हणवेना." गीतात पैशाचा एक शब्द नव्हता. तो अर्थ मी जागेनं घातला होता. तेव्हापासून ते गीत मी प्रभुभोजनानंतर घेते, जिथे आधी आपल्याला मिळालेलं असतं. दानाच्या वेळी साधं उपकारस्तुतीचं गीत, किंवा नुसतं वाद्य.

आणखी एका चुकीचं दुःख मला जास्त आहे. मी काय गायलं ते वहीत लिहून ठेवते. एका वर्षअखेरीस ती वही चाळली तर वर्षभरात विलापाचं एकही गीत नव्हतं. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. स्तोत्र १३ देवाला चार वेळा 'कुठवर?' असं विचारतं, स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, त्याला उजळ शेवटही नाही. त्या वर्षी आमच्या मंडळीत मृत्यू झाले होते, नोकऱ्या गेल्या होत्या, एक घर तुटलं होतं, आणि बावन्न रविवार मी त्या सगळ्यांच्या तोंडी आनंदच देत राहिले. ते गप्प उभे राहिले असतील तर ते खोटं बोलायला तयार नव्हते, इतकंच. आता महिन्यातून एका रविवारी तरी 'कुठवर?' असं विचारणारं गीत असतं, आणि त्याच्या लगेच पुढे मी टाळ्यांचं गीत ठेवत नाही. थोडी शांतता, मग प्रार्थना.

ज्येष्ठ आणि तरुण यांच्यात दोन तुमची, दोन आमची असं वाटप करू नका. त्यानं उपासनेत दोन पक्ष तयार होतात. कुणी गीत मागितलं की मी विचारते, "त्यातली कोणती ओळ तुम्हाला हवी आहे?" कधी उत्तर येतं की चालच आवडते. तेही प्रामाणिक उत्तर आहे. संत ऑगस्टीन यांनीही आपल्या आत्मकथनात कबूल केलं आहे की कधी कधी गायल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाण्यानंच त्यांचं मन अधिक हलतं, आणि त्याचा त्यांना खेद होतो. तरी विश्वासात नव्यानं येताना मंडळीचं गाणं ऐकून आलेले अश्रू आठवून ते गाण्याच्या बाजूनंच झुकतात. पण बऱ्याचदा उत्तरात एक आयुष्य असतं. एका आजोबांनी मागितलेलं गीत मला कंटाळवाणं वाटायचं. त्यांनी ओळ सांगितली आणि म्हणाले, पत्नीच्या शेवटच्या रात्री तिच्या उशाशी बसून हेच म्हणत होतो. पुढच्या रविवारी त्यांच्या परवानगीनं मी ते गीताआधी दोन वाक्यांत सांगितलं. तरुणांनी ते गीत त्या दिवशी ज्या लक्षानं गायलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतर उलटंही झालं: एका मुलानं मागितलेल्या नव्या गीतातली ओळ आजोबांनी वहीत उतरवून घेतली.

माझी वही साधी आहे. रविवारी दुपारीच लिहिते, कारण संध्याकाळपर्यंत कोण कुठे थांबलं ते विसरायला होतं. या आठवड्याची नोंद अशी: 'पहिलं गीत बरं. दुसऱ्यात तिसऱ्या कडव्याला पुरुष थांबले, पट्टी दोन स्वर खाली. स्तोत्र १३ आळीपाळीनं. डावी बाजू आधी पुटपुटत होती, शेवटी सगळे गात होते. शेवटचं गीत उपदेशाशी जुळलं नाही, पाळकांना शुक्रवारऐवजी बुधवारीच वचन विचारायचं. मागच्या बाकावरच्या नव्या बाई गायल्या नाहीत, पण 'धरून ठेव' या ओळीला मान वर केली. पुढच्या रविवारी तेच पुन्हा.'