उन्हाळा आणि वीजबिल

प्रश्न : सोलापुरात आमचे घर वरच्या मजल्यावर आहे. एप्रिल-मेमध्ये पंखे अखंड चालूनही जीव कासावीस होतो. एसी घ्यावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : घाई करू नये. आपल्याकडील उन्हाळा कोरडा असल्यामुळे, समोरची खिडकी उघडी ठेवल्यास, कूलर चांगला गारवा देतो आणि एसीच्या मानाने फारच थोडी वीज घेतो. पावसाळी दमट हवेत मात्र त्याचा उपयोग नाही. कूलर घेण्याआधी गच्चीला पांढरा चुना अवश्य द्यावा, कारण दिवसभर तापलेला स्लॅबच रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) सुमारे ३०; म्हणजे रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला जवळपास २० युनिट वाचतात.