कॅमरीला पैठणी नेसवायची आहे

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. लेक कॉलेजला गेल्यापासून तिची जुनी टोयोटा कॅमरी दारात उभी आहे, चालते व्यवस्थित. एप्रिलमधल्या आर्ट कार परेडला, म्हणजे सजवलेल्या गाड्यांच्या मिरवणुकीला, ती पैठणीसारखी सजवून न्यायची, असं आम्ही चार मैत्रिणींनी ठरवलंय. घरातल्या जुन्या पैठण्या दारांवर चिकटवायच्या, टपावर मोर आणि मोकळ्या जागी हिरव्या काचेच्या बांगड्या. आमच्यापैकी कुणी आजवर साधा दरवाजाही रंगवलेला नाही. ग्लू गन चालेल ना?
— एक वाचक, केटी (टेक्सस)

उत्तर : ताई, ग्लू गन कपाटात ठेवा. ह्यूस्टनच्या दुपारी बोनेटला हात लावून बघा, म्हणजे कारण सांगावं लागणार नाही. तो गोंद उन्हात मऊ पडतो आणि मोर परेडच्या रस्त्यावर, अॅलन पार्कवेवर, पाय सोडतो.

पुण्यात नाना पेठेत डेंटिंग-पेंटिंग करण्यात माझी हयात गेली. आता लेकीकडे ह्यूस्टनला असतो आणि दर एप्रिलला रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतो. तिथून एक दिसतं : ज्यांची कल्पना एकच असते त्यांच्या गाड्या लक्षात राहतात. या शहरातली गाजलेली ‘फ्रूटमोबाइल’च घ्या. जॅकी हॅरिस यांनी 1984 मध्ये 1967 च्या फोर्ड स्टेशन वॅगनवर प्लास्टिकची फळं चिकटवली. बस, फळं. ते काम ‘ऑरेंज शो’ या संस्थेच्या मदतनिधीसाठी होतं, आणि तो मूळचा ऑरेंज शो म्हणजे जेफ मॅकिसॅक नावाच्या पोस्टमनने संत्र्याच्या प्रेमापोटी स्वतःच्या हातांनी बांधलेली वास्तू! पहिली परेड 1988 ची, 40 गाड्यांची. आता अडीचशेच्या वर असतात आणि त्यात शाळेतल्या पोरांनी केलेल्याही भरपूर. तेव्हा पहिलटकर म्हणून दबून जाऊ नका.

तुमची कल्पना पैठणी. मग गाडीचा आकार कामाला लावा. दारांखालचा पट्टा म्हणजे काठ, दारांवर बुट्टे, बोनेटवर पदर. माणसं फुटपाथवर उभी असतात, त्यांना गाडीची कूस सगळ्यात जास्त वेळ दिसते. म्हणून काठ चांगला हातभर रुंद घ्या आणि बुट्टा ताटाएवढा. साडीतला नाजूकपणा वीस फुटांवरून दिसत नाही.

खऱ्या पैठण्या मात्र चिकटवू नका. जुनी झाली म्हणून काय झालं, पैठणी आहे ती! शिवाय कापड हायवेवर वाऱ्याने सुटतं आणि एका सरीत भिजून लोंबतं. काठ-बुट्टे रंगवाच. पाट्या रंगवणारे वापरतात तो ऑइलपेंट घ्या.

रंगाआधी गाडी भांड्यांच्या साबणाने धुवा, म्हणजे मेण निघेल. मग 320 ते 400 नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, चकाकी जाऊन पत्रा धुरकट दिसेपर्यंत. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरायची असेल तर आत्ताच. धूळ पुसून झाली की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि त्यानंतर तिथे हात लावू नका, बोटांचं तेल लागतं. पाच डॉलरच्या रंगाला चकचकीत पत्र्यावर चिकटवणारा देव अजून जन्मलेला नाही.

रंग आधी, चिकटवणं नंतर. चिकटवायला ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंटच घ्या; त्याच्यावर रंग बसत नाही, म्हणून हा क्रम. सिलिकॉनच का, कारण पत्रा उन्हात फुगतो, रात्री आकसतो आणि हे त्याच्याबरोबर ताणलं जातं. व्हिनेगरचा वास येणारं घेऊ नका, उघड्या पत्र्याला गंज आणतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ असं लिहिलेलं बघा. बांगडी आडवी ठेवून तिच्या पूर्ण कड्याला सिलिकॉनची धार द्या. नुसते चार ठिपके दिलेत तर पहिल्याच खड्ड्यात निघेल. दारावर ती खाली घसरते, म्हणून वरून मास्किंग टेप लावा आणि निदान एक दिवस हलवू नका. आणि काचेच्या बांगड्या नकोतच. फुटल्या की तुकडे रस्त्यावर, आणि पुढच्या रांगेत लहान पोरं बसलेली असतात. प्लास्टिकच्या किंवा धातूच्या घ्या. जंकयार्डमधून एक सुटा दरवाजा आणून सगळं आधी त्याच्यावर करून आठवडाभर उन्हात टाका.

मोराचं म्हणाल, तर टपावर आडवा काढलेला मोर फक्त घारींना दिसेल. उभा करा, फोम कोरून. फोमवर थेट स्प्रे मारू नका, त्यातल्या थिनरने तो वितळतो. आधी घराच्या भिंतीला देतात त्या अॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या. बसवायचा बोल्टने, रूफ रॅकवर. केटीहून डाउनटाउन तीसेक मैल, सगळा हायवे. शक्य असेल तर मोर वेगळा न्या आणि तिथे बसवा.

ग्रिल झाकू नका. परेडमध्ये गाडी माणसाच्या चालीने जाते, इंजिन तापतं. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद आणि हीटर चालू, मग गाडीतल्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी. हेडलाइट, मागचे दिवे, आरसे, नंबरप्लेट मोकळी ठेवा. टेक्ससमध्ये खाजगी गाड्यांची सुरक्षातपासणी 2025 पासून बंद झाली, पण पोलीस बंद झालेले नाहीत.

प्रश्न : नाशिकच्या स्वागतयात्रेसाठी आमची वॅगनआर अशीच कायमची रंगवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येईल, पण आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांबाबत कडक आहे आणि गाडीचा रंग बदलला की आरसीवर तशी नोंद लागते. अहमदाबादेत 2019 च्या उन्हाळ्यात एका बाईंनी गारव्यासाठी कोरोला शेणाने सारवली होती, ती निदान धुता तरी येत होती! तुम्हीही धुता, सोडता येईल असंच करा. फुलांच्या माळा, बांबूचा सांगाडा, कापडी गुढी, सगळं दोरीने बांधलेलं. नाहीतर सरळ टेम्पो भाड्याने घेऊन चित्ररथ करा. मात्र दोरी पत्र्यावर घासते तिथे खाली फडकं घाला, नाहीतर पाडव्यानंतर गाडी डेंटिंगवाल्याकडेच न्यावी लागेल.